घरच्या वर्कशॉपसाठी स्वस्तात हत्यारं कशी जमवायची? सांगली-मिरजेकडच्या नवीन मंडळींसाठी

घरी छोटं वर्कशॉप करायचं डोक्यात आलं की माणूस पहिल्यांदा मोबाईल उघडतो आणि तिथं काळ्या प्लास्टिकच्या पेटीतला शंभर पीसचा टूल सेट दिसतो, सगळं कसं जागच्या जागी लावलेलं, आणि किंमत बघून वाटतं की घेऊनच टाकावा. तो घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं पेटीतून कधी बाहेरच येत नाहीत, आणि जी येतात त्यांचं लोखंड एवढं मऊ असतं की स्क्रू ड्रायव्हरचं टोक चार जाम स्क्रू काढेपर्यंत गोल होतं. तेवढ्याच पैशात आपल्या सांगली, मिरज, कुपवाड पट्ट्यात तुमच्या मुलांपर्यंत टिकतील अशी हत्यारं मिळतात, फक्त कुठं बघायचं आणि काय तपासायचं हे माहीत पाहिजे.

मी एकच नियम पाळतो. ज्याला वायर नाही ते जुनं घ्या, ज्याला वायर आहे किंवा जे जोरात फिरतं ते नवीन घ्या. जुनी पटाशी (लाकूड तासायची), रंधा, वाईस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा), हातोडी, पाने, सी क्लँप यांचं लोखंड चांगलं असेल तर वरचा गंज काढला की झालं. पण जुन्या मशीनच्या आत काय जळालंय ते बाहेरून दिसत नाही, आणि जुनं कटिंग व्हील तर हाताला न लागलेलं बरं.

आपल्याकडं जुना माल चांगला का मिळतो त्याला कारण आहे. पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली, नंतर माधवनगर रोडची वसंतदादा औद्योगिक वसाहत, कुपवाड आणि मिरजेची एमआयडीसी आली, म्हणजे फिटर, टर्नर, मोल्डर यांच्या पिढ्या इथं झाल्यात. असा माणूस रिटायर होतो, पोरं पुण्याला असतात, आणि माळ्यावर कापडात गुंडाळलेली पेटी पडून राहते. नात्यात, गल्लीत विचारून ठेवा. "काका, तुमची जुनी हत्यारं द्यायची असली तर मला सांगा, मी वापरणार आहे" एवढं म्हटलं तरी पुष्कळ होतं, कारण वापरणाऱ्या माणसाला हत्यार द्यायला त्यांना बरं वाटतं, भंगारात घालायला नाही वाटत.

आधी काम ठरवा, मग हत्यार

वहीत पुढच्या दोन-तीन महिन्यांत करायची खरी कामं लिहा. भिंतीवर शेल्फ, खुर्चीचा हललेला पाय, गेटची कडी, कुंड्यांसाठी अँगलचं स्टँड, जे असेल ते. प्रत्येक कामापुढं काय मोजायचं, काय कापायचं, काय जोडायचं ते लिहा. यादी आपोआप छोटी होते. लाकडाचं काम जास्त असेल तर करवत, दोन पटाशा, गुण्या (काटकोन बघायचा), क्लँप, लोखंडाचं असेल तर हॅकसॉ (लोखंड कापायची करवत), कानस (घासायची), वाईस. ड्रिल मशीन दोघांनाही लागतं. बाकीचं काम आडवं आलं की घ्यायचं.

मोजायची हत्यारं दुकानातच तपासा

इथं स्वस्त चालतं, पण तपासून. मेजर टेपचं पुढचं हूक थोडं हलतं, नवीन माणसाला वाटतं खराब पीस दिला. ते मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, हुकाच्या पत्र्याच्या जाडीएवढं पुढं-मागं होतं, म्हणजे कडेला अडकवून मोजलं काय किंवा भिंतीला टेकवून मोजलं काय, माप बरोबर येतं. हूक ठोकून घट्ट करू नका. आणि एका कामाला शेवटपर्यंत एकच टेप वापरा, दोन टेपात मिलिमीटरचा फरक सहज निघतो आणि मग दरवाजा बसत नाही.

गुण्या तपासायला पेन्सिल आणि सरळ कडेची फळी पुरते. गुण्या कडेला टेकवून रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच जागेवर दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या काटकोनात आहे, वरच्या टोकाला फाकल्या तर नाही, दुसरा मागा. चांगला दुकानदार स्वतःच चार पीस काढून समोर ठेवतो. लेव्हल बॉटलचंही (बुडबुड्यावर सपाटी बघायची) तसंच, काउंटरवर ठेवून बुडबुडा कुठं आहे बघा, मग बॉटल आहे त्याच जागी टोकाची अदलाबदल करून फिरवा. बुडबुडा तेवढाच आणि काउंटरच्या त्याच बाजूला थांबला तर बॉटल बरोबर, काउंटर तिरका. बुडबुडा काउंटरच्या दुसऱ्या बाजूला गेला तर बॉटल खोटी.

आणि माझं सगळ्यात आवडतं स्वस्त हत्यार इथंच येतं, गवंड्यांची पाण्याची पाईप. बोटाएवढी पारदर्शक पाईप, दहा मीटर घ्या, हार्डवेअरमध्ये मीटरवर मिळते, पाणी भरा, दोन्ही टोकांचं पाणी कायम एका पातळीत. पोर्चच्या या टोकाच्या खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत, मध्ये भिंत असली तरी वळवून, लेव्हल नेता येते. महागडं लेझर तेच काम करतं पण उन्हात त्याची रेघ दिसत नाही, ही पाईप भर दुपारी चालते. अट एकच, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, म्हणून पाणी एका टोकानं सावकाश ओढून भरायचं, पाईप झटकून बघायची आणि मापं घेण्याआधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी सारखं आहे का बघायचं.

भंगारवाल्याकडं वाईस कसा बघायचा

कुपवाड, मिरज एमआयडीसीच्या आसपास भंगाराची दुकानं आहेत तिथं सकाळी जरा लवकर जावं, ऊन चढलं की लोखंडाला हात लावता येत नाही. "काय पाहिजे पावणं?" असं विचारतील. "वाईस, क्लँप, पटाशी, जुना चालू माल दाखवा" म्हणा. चालू माल हा शब्द महत्त्वाचा, कारण वितळवायला जाणारा ढीग वेगळा आणि वापरायच्या वस्तूंचा कोपरा वेगळा असतो आणि भावही वेगळा. भंगाराच्या भावाच्या दुप्पट सांगितला तरी नव्याच्या मानानं तो स्वस्तच पडतो, त्यामुळं पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करून ओळख बिघडवू नका, तोच माणूस पुढच्या वेळी फोन करून सांगतो की रंधा आलाय.

चार इंची वाईस घरच्या कामाला पुरतो. हातात घेतल्यावर पहिल्यांदा पालथा करा आणि बूड बघा. वाईस बहुतेक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो आणि बीड वाकत नाही, तडकतं. बोल्ट बसतात त्या कानांपाशी आणि मागच्या जबड्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ आहे का बघा, वर जाड रंग फासला असेल तर तिथंच जास्त बघा. मग बारीक हातोडीनं टकटक करा. अखंड बीड टणकन वाजतं, तडा असला तर आवाज बसका येतो. वेल्डिंग केलेला दिसला तर सोडून द्या, बिडाचं वेल्डिंग नीट करणारे थोडे. मग दांडा फिरवून स्पिंडल, म्हणजे आतला आट्यांचा रॉड, पूर्ण बाहेर काढा, आटे बघा. उलटा फिरवताना पाव फेरा मोकळा गेला तर चालतं, अर्धा-पाऊण फेरा नुसता फिरतो म्हणजे आतला नट झिजलाय. शेवटी जबडे बंद करून उजेडाकडं धरा. फटीतून एका बाजूला जास्त उजेड दिसला तर जबडा तिरका झालाय. जबड्याच्या दातेरी पट्ट्या गुळगुळीत झाल्या असतील तर त्याची काळजी नको, त्या दोन स्क्रूवर असतात, बदलता येतात.

ठोकायला ऐरण म्हणून रेल्वे रुळाचा तुकडा काही ठिकाणी दाखवतात. घेऊ नका. रेल्वेच्या मालासाठी 1966 चा वेगळा कायदाच आहे, चोरीचा माल जवळ सापडला तर तो कायदेशीर मार्गानं आल्याचं तुम्हालाच दाखवावं लागतं. त्यापेक्षा लेथवर कापून राहिलेला जाड राऊंड बारचा तुकडा घ्या, चार इंच व्यासाचा मिळाला तर उत्तमच.

तिथंच नट-बोल्टच्या बादलीत जुना फुटका स्पीकर दिसला तर त्याचं मॅग्नेट घ्या. खाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा करायला आणि जुन्या लाकडातले खिळे शोधायला त्याच्यासारखं काही नाही. जुन्या वाड्याचं सागवान स्वस्तात मिळालं म्हणून लोक खूश होतात आणि आत मोडलेला खिळा रंध्याच्या पात्याला लागतो. आधी मॅग्नेट दोऱ्याला बांधून सगळ्या लाकडावरून फिरवायचं, जिथं ओढ घेईल तिथं खडूनं खूण करायची.

पॅकिंगच्या फळ्या, म्हणजे कंपनीत माल येतो त्या पॅलेटच्या, याही भरपूर मिळतात आणि शेल्फ, खोकी करायला चांगल्या. परदेशातून आलेल्या पॅलेटवर भाजून उठवलेला शिक्का असतो, त्यात एचटी लिहिलं असेल तर लाकूड नुसतं उष्णता देऊन कीडमुक्त केलंय, बिनधास्त घ्या. एमबी असेल तर मिथाईल ब्रोमाईड हा विषारी वायू वापरलाय, ते घरात नको आणि चुलीत तर अजिबात नको.

गंज काढायचा आणि धार लावायची

हा भाग नवीन माणूस टाळतो आणि तिथंच सगळं अडतं. बोथट पटाशी जास्त जोर मागते, जोर दिला की घसरते आणि घसरली की हातात जाते.

गंजाला किराणा दुकानातलं लिंबू सत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरतं. प्लास्टिकच्या टबात एक लिटर पाण्याला साधारण पन्नास ग्रॅम टाका, लाकडी मूठ काढता आली तर काढा, हत्यार बुडवून ठेवा. दर तासा-दोन तासानं काढून तारेच्या ब्रशनं घासा. बहुतेक गंज दिवसभरात सुटतो, दोन-दोन दिवस विसरून ठेवू नका, चांगलं लोखंडही खाल्लं जातं. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू यात घालू नका, मुलामाच जातो. निघाल्यावर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात धुवा, कापडानं पुसा, उन्हात तापू द्या आणि गरम असतानाच शिलाई मशीनचं तेल चोळा. तेल लावायला उशीर केला तर अर्ध्या तासात नारिंगी झाक परत येते.

धारेसाठी महागडा दगड नको. मार्बलच्या दुकानात ग्रॅनाईटचे कटपीस पडलेले असतात, फूटभर लांबीचा पॉलिश केलेला तुकडा मागून घ्या, बहुतेक फुकटच देतात. तो इतका सपाट असतो की त्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर चिकटवला की धार लावायचा पाट तयार. पेपर रंगाच्या दुकानात मिळतो, 220, 400, 800 आणि 1500 किंवा 2000 नंबर, प्रत्येकी दोन-दोन.

आता पटाशी घ्या. सुरुवात उतरत्या बाजूनं करायची नाही, पाठीमागच्या सपाट बाजूनं करायची. टोकाकडची इंचभर पाठ 220 वर दाबून घासा, उलटून बघा. सुरुवातीला चमक फक्त कडेला येते, मध्ये काळा डाग राहतो, म्हणजे पाठ खोलगट आहे. टोकाजवळची सगळी पाठ एकसारखी चमकेपर्यंत घासत राहा, मग 400, 800. जुन्या पटाशीला यात अर्धा-पाऊण तास जातो पण हे आयुष्यात एकदाच. मग उतार. साधारण 25 ते 30 अंशांचा कोन धरा, सागवानापेक्षा टणक लाकूड असेल तर 30 कडं. उतार पेपरवर पूर्ण टेकतो ते बोटांना कळतं, तसा धरून मागं ओढा, पुढं ढकलाल तर पेपर फाटेल. थोड्या वेळानं पाठीकडून बोट हलकं बाहेरच्या दिशेनं फिरवा, टोकाला बारीक खरबरीत कड लागली पाहिजे. ती सगळ्या रुंदीवर लागली की पुढच्या नंबरवर जा. शेवटी पाठ एकदा सपाट फिरवून ती कड पाडा, जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-वीस वेळा ओढा. लाकडाच्या तुकड्याच्या टोकाकडून, म्हणजे रेषांच्या आडवं, पातळ साल निघाली आणि कापलेली जागा गुळगुळीत दिसली तर धार लागली.

ग्राइंडरवर धार लावायचा मोह होतो, तो टाळा. टोक निळं पडलं की पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला, परत धार टिकत नाही.

कापायचं आणि जोडायचं

हॅकसॉची फ्रेम कुठलीही मजबूत घ्या, पैसे ब्लेडवर घाला. बायमेटल ब्लेड साध्यापेक्षा महाग असतं पण सहज मोडत नाही आणि बरंच जास्त टिकतं. दात पुढच्या बाजूला तोंड करून बसवायचे आणि बोटानं छेडल्यावर टणकारा येईल इतकं ताणायचं. इंचाला 18 दात जाड भरीव लोखंडाला, 24 अँगल आणि रोजच्या कामाला, 32 पातळ पत्रा आणि पाईपला. एका वेळी निदान तीन दात मालावर टेकले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. जुनं ब्लेड फेकू नका, अर्धं मोडून एका टोकाला सुतळी किंवा टेप गुंडाळली की अडचणीच्या जागेची छोटी करवत होते.

कानशीवर खडू घासून काम करा, ॲल्युमिनियमचा कीस दातात बसत नाही. कानशीला मूठ नसली तर वापरू नका, मागचं टोकदार शेपूट तळहातात जातं. मूठ बाजारात किरकोळ किमतीला मिळते.

क्लँप कितीही असले तरी कमीच पडतात, म्हणून पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब आणा. लांबीत चिरून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करा. हललेल्या खुर्चीच्या पायांत फेव्हिकॉल घालून बसवल्यावर सी क्लँप तिथं लागतच नाही, गोल पायावर घसरतो, पण ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळत गेलं की प्रत्येक वेढ्याला दाब वाढतो आणि लाकडावर वळही उठत नाही. रात्रभर ठेवा.

मिरजेला गेलात तर दोन वस्तू नक्की आणा. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळं सर्जिकल सामानाची दुकानं जवळ आहेत. तिथं आर्टरी फोर्सेप नवा घ्या, सरळ आणि वाकड्या टोकाचा एकेक. चिमटा लावला की आपोआप लॉक होतो, खोल जागेत नट धरायला, सोल्डरिंग करताना वायर पकडायला पक्कडीपेक्षा भारी. आणि सर्जिकल ब्लेडचं 3 नंबरचं हँडल घ्या, त्याला 10, 11, 15 नंबरची पाती बसतात. लाकडावर पेन्सिलीऐवजी 11 नंबरच्या टोकानं रेघ मारा, पटाशी त्या खाचेत जाऊन बसते आणि जोड एकदम घट्ट येतो. पातं बदलताना बोटांनी नाही, त्याच फोर्सेपनं धरायचं. वेळ असला तर सतारमेकर गल्लीतही थोडं थांबून बघा, परवानगी विचारून. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि तिथं बघण्यासारखं हेच आहे की नाजूक काम साध्या हत्यारांवर चालतं, ती हत्यारं धारदार असतात आणि हात बसलेला असतो.

वायरवाली हत्यारं

ड्रिल मशीन नवीन, ओळखीच्या कंपनीचं, बिल आणि वॉरंटीसकट घ्या. 13 मिलिमीटर चक (बिट धरणारा जबडा), इम्पॅक्ट (फिरताना ठोके देणारं), उलट-सुलट फिरणारं आणि स्पीड कमी-जास्त होणारं, हे साधारण दोन-अडीच हजारात बसतं. भिंतीला 6 आणि 8 चं कार्बाइड टोकाचं बिट, लोखंडाला 3 ते 6 पर्यंतची एचएसएस (हाय स्पीड स्टीलची) बिटं सुटी घ्या. इम्पॅक्ट फक्त भिंतीला, लाकूड, लोखंड आणि टाईल्सला बंद. स्विच बोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

ग्राइंडर घाईनं घेऊ नका, पहिले काही महिने हॅकसॉनं भागतं. घेतलाच तर गार्ड काढायचा नाही, गॉगल शिवाय चालू करायचा नाही, सैल शर्ट-उपरणं नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो, म्हणून व्हीलवर लिहिलेला आरपीएम मशीनपेक्षा जास्त पाहिजे आणि मधल्या पत्र्याच्या कडीवर तारीख असते ती उलटून गेलेली नको. स्वस्त व्हीलच्या ढिगात जुनी व्हील असतात, तो सौदा सोडा. आणि कळकळीनं सांगतो, ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. दुकानात मिळतं, लोक लावतात, पण ते लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं आणि तोंडाकडं किंवा मांडीवर येतं. लाकडाला करवत आहे, ती वापरा.

आपल्याकडं एक खास धोका आहे, पुराचा माल. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45 ची, 2021 ला परत पूर आला. पाण्यात बुडालेली मशीनं वाळवून, पुसून विकायला येतात आणि वरून नवी दिसतात. एअर व्हेंटच्या फटीत टॉर्च मारा, आत बारीक वाळलेला गाळ दिसेल. बॉडीचा एखादा स्क्रू गंजलेला असेल. चक हातानं फिरवा, बेअरिंग कुरकुरेल. असं काही दिसलं तर कितीही स्वस्त असलं तरी नको. घरातही वर्कशॉपच्या लाईनला 30 मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, हा खर्च हत्यारांच्या आधी करायचा.

ठेवायला महागडी पेटी नको, पत्र्याचे तेलाचे डबे आडवे कापून कडा दुमडल्या की खण होतात. नदीकाठच्या भागात राहत असाल तर मशीनं वरच्या मजल्यावर. पावसाळ्याआधी प्रत्येक हत्याराला तेलाचा हात फिरवा, पात्यांना तेलकट कापडात गुंडाळा. जवसाचं तेल मुठींना लावलं असेल तर ती चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेते, ती बाहेर दोरीवर पसरून वाळवायची आणि मगच टाकायची.